लहानू मिस्त्री झाडाचं वय सांगतो

लकडगंजात लाकूड चिरणारे पुष्कळ, पण लहानू मिस्त्रीएवढ्या फुशारक्या मारणारा दुसरा नव्हता. पंचवीस वर्षं आरा-मशीनवर काढलेला माणूस. ओंडका समोर आला की नुसता वास घेऊन म्हणायचा, "हा जंगलातला नाही, वावरातला हाय." आणि ते खरं निघायचं, हीच तर पंचाईत! खरी ठरणारी फुशारकी, तिला कोण काय म्हणणार?

मिस्त्री मूळचा खाप्याचा. वडील गेले तेव्हा धाकट्या भावाला, नत्थूजीला, त्यानं सांगून टाकलं होतं, "वावर तूच वाह्य, तूच खाय. मले फक्त विहिरीजवळचा साग दे. तोच माहा वाटा." तो साग त्यानं स्वतः लावलेला, मुलगी पुष्पलता जन्मली त्या सालचा. तिच्या लग्नात याच झाडाचा पलंग आणि कपाट द्यायचं, हे ती पाळण्यात असतानाच ठरलेलं. कागद नाही, साक्षीदार नाही. भावाभावांत कागद कशाला, असं म्हणणारा हा भला माणूस! आता पुष्पलता एकोणीस वर्षांची झाली होती, उमरेडचं स्थळ पक्कं झालं होतं, आणि झाड येत्या दिवाळीनंतर उतरवायचं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात मोहल्ल्यानं वैशाख मेळा भरवला. कल्पना शाळेच्या मोठ्या बाई इंदुताईंची. आपल्या भागातली झाडं, पाखरं, विहिरी, जुन्या वस्तू लोकांनी एकदा डोळे उघडून पाहाव्यात, म्हणून. सात विहिरींचं पाणी सात मडक्यांत ठेवलं होतं, चव घ्या आणि विहीर ओळखा. सुगरणीची घरटी होती, पळसाच्या पत्रावळी लावायची शर्यत होती, अंबाडीचं सरबत होतं. मिस्त्रीला इंदुताईंनी सांगितलं, "लाकडाची एक चकती आणा आणि झाडाचं वय कसं मोजतात ते दाखवा."

चकती त्याच्याकडे होतीच. पौषात कुठल्याशा ट्रकमधून आलेला ओंडका चिरताना आत लोखंड लागलं होतं आणि पात्याचे दात तुटले होते. "कोन्या गाढवानं ठोकलं हे!" म्हणत त्यानं ठोकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, लोखंड उपसून भंगारात फेकलं आणि खराब तुकडा कापून कोपऱ्यात टाकला. शाळेच्या मुलींनी तो घासला, जवसाचं तेल लावून लख्ख केला.

संध्याकाळी ऊन कललं तरी भट्टीसारखी हवा होती. डोक्यांना दुपट्टे बांधून लोक बसले होते. पुष्पलता बायकांत, आणि भावाचं कौतुक पाहायला खाप्याहून सकाळच्या मोटारीनं आलेला नत्थूजी पहिल्या रांगेत.

"पाहा राजेहो," मिस्त्रीनं चकती उचलली. "साल सोडून आत या. एक कडं म्हंजे एक वर्ष. हे सहावं कडं पाहा, कसं दोऱ्यावानी बारीक! हा बहात्तरचा दुष्काळ. माणसं विसरली, झाड नाही विसरलं."

टाळ्या पडल्या. मिस्त्री रंगात आला.

"या अंगाची कडी रुंद हायेत, म्हंजे या बाजूला पाणी होतं. विहीर असंन. झाड बांधावरचं, एकटंच वाढलेलं. अन् हा काळा डाग? लोखंडाचा. नवव्या कड्यात, म्हंजे एकोणसत्तर साली ठोकलं कोनी तरी. घोड्याची नाल दिसते..."

"माहा भाऊ गाव बी सांगते!" नत्थूजी उभा राहून ओरडला. "सांग गा दादा, कोन्या गावचं झाड?"

मिस्त्रीचं बोट डागावर होतं. एकोणसत्तर साली पुष्पलता झोक्यावरून पडली होती. पोरीला नजर लागली म्हणून त्यानंच विहिरीजवळच्या तिच्या सागाला नाल ठोकली होती, या हातानं. त्यानं मधोमध बोट नेलं आणि मोजायला घेतलं. सतरा, अठरा, एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीस! बाप रे बाप! मागच्या दिवाळीत तर झाड उभं होतं, त्यानं खोडाला पाठ टेकून शिदोरी खाल्ली होती. आणि पौषात ते त्याच्याच मशीनवर आलं, त्यानंच ढकललं, त्यानंच चिरलं, आणि लाकडाचा वास ओळखणाऱ्या या शहाण्याला कळलंसुद्धा नाही! तो तिसऱ्यांदा कडी मोजू लागला.

"मिस्त्री, बरं वाटत नाही का?" इंदुताईंनी विचारलं.

"सांग ना गा!" नत्थूजी अजून हसतच होता. त्यानं झाड सावनेरच्या दलालाला विकलं होतं. ते कुठल्या मशीनवर गेलं, त्याला काय ठाऊक!

मिस्त्रीनं मान वर केली. "खापा," तो म्हणाला. "आपल्या विहिरीजवळचा बांध."

लोकांना काय, त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नत्थूजी मात्र मटकन खाली बसला. बायकांतून पुष्पलता उठली आणि चकतीकडे बघत उभी राहिली.

"दादा," टाळ्या थांबल्यावर नत्थूजी कसाबसा पुढे आला. "वाटलं, दिवाळीपर्यंत दुसरा साग घेऊन देईन. चाल, घरी बसून बोलू. तुहा वाटा मी..."

"कोनता वाटा, नत्थू?" मिस्त्रीनं चकती त्याच्या हातात दिली. "माहा वाटा तर मीच चिरून टाकला."