अर्धा कप

“दोन्ही हात समोर धरा, आणि बोलू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या दोन गोष्टी मला एका वेळी कधी जमलेल्या नाहीत. मी किस्सा सांगू लागलो की माझे हात हवेत वाघ मारतात, नवरी पळवून नेतात. लोकांना ती माझी नाटकी लकब वाटते. हलत्या हातातली थरथर कुणाला दिसत नाही, एवढाच अलीकडे त्या नाटकाचा मतलब होता.

हात स्थिर धरले आणि बोटं आपली आपण थरथरू लागली. मग त्यांनी कागदावर चकलीसारखा वेढा काढायला लावला. माझ्या चकलीला काटे मात्र झकास आले.

“मांडीवर हात शांत, उचलला की थरथर. कारण शोधू या. थायरॉइड बघू. घरात आणखी कुणाला? आणि कधीपासून?”

“परवापासून,” मी म्हणालो.

“दिवाळीपासून,” बायको म्हणाली. “तेव्हापासून मी यांना कप अर्धाच भरून देते.”

माझे कान तापले. त्याच अर्ध्या कपावरून मी पाहुण्यांसमोर तिच्या चिक्कूपणाची नक्कल करत आलो होतो. सगळे हसायचे, तीही हसायची. मी जे लपवत होतो, ते ती माझ्यापेक्षा चांगलं लपवत होती.

घरी आल्यावर म्हटलं, “आज भरून दे.” तिनं काठोकाठ भरला. उचलताच निम्मा चहा बशीत सांडला. तिनं आपलाही बशीत ओतला.

“आता सांगा, चिक्कू कोण?”

माझे दोन्ही हात बशीला गुंतले होते. हातवाऱ्यांशिवाय मला उत्तर सुचेना.