जग संपल्यावरचं जेवण

लातूरला उतरल्यावर मी सवयीनं फोन काढला, आणि ‘पोचले’ असं सांगायला आता कोणीच नाही हे आठवून परत पर्समध्ये टाकला. गेल्या वर्षी आई गेली. तोवर कुठल्याही शूटिंगला गेले तरी पहिला फोन तिला असायचा आणि तिचा प्रश्न ठरलेला असायचा, ‘जेवलीस का?’ पन्नाशी ओलांडलेल्या बाईला रोज हे काय विचारायचं, म्हणून मी वैतागायचे. आता वैतागायलाही कोणी नाही.

माझं काम सिनेमासाठी आवाज टिपण्याचं. कानाला हेडफोन लावायचा आणि आजूबाजूच्या सगळ्यांना गप्प करायचं. या खेपेला तर जगच संपलेलं हवं होतं. प्रसाद हा नांदेडचा तरुण दिग्दर्शक. त्याच्या गोष्टीत तापाच्या साथीत सगळी माणसं मेली आहेत आणि उरलेला एकच म्हातारा दुसरं कोणी सापडतं का बघायला लातूरहून गोदावरीकडे चालत निघाला आहे. शेवटी त्याला नदी सापडते, माणूस सापडत नाही. तो काठावर बसून जवळची शेवटची भाकरी खातो आणि सिनेमा संपतो. संवाद एकही नाही.

जग संपवायला लातूर निवडणं हे धाडसच होतं. स्टेशनबाहेर रिक्षांचा कलकलाट, पाठीला दप्तरं लावलेली क्लासची पोरं, भिंती भरून गुणवंतांचे फोटो. आम्ही एका बंद पडलेल्या डाळ मिलमध्ये शिरलो. आत तुरीच्या भुशाचा वास अजून होता आणि कबुतरं सोडली तर शांतता होती. पण फाटकाशी एक स्कूटरवाले काका येऊन उभे राहिले.

“काय चालू हाय इथं?”

“जग संपलंय, काका,” प्रसाद म्हणाला.

“असं का. मंग उद्या आडत (शेतमालाचा बाजार) चालू हाय का न्हाई?”

त्यांना तूर घालायची होती. प्रसादनं बाजार चालू असल्याची खात्री दिल्यावरच ते हलले.

त्या शेवटच्या माणसाचं काम करत होते विश्वनाथअप्पा. सत्तरीचे, उंच, दाढीत राख चोळलेली, अंगात फाटका सदरा. उमेदीत नाट्यस्पर्धा गाजवलेले, पण पोटापाण्यासाठी नवरा-बायकोनं मिळून क्लासच्या पोरांसाठी खानावळ चालवली. बायको वारल्यावर ती बंद केली. दुपारी सुट्टी झाली तसा त्यांनी डबा उघडला. डब्यात धपाटे (मसाला घालून थापलेल्या ज्वारीच्या जाड पोळ्या) आणि शेंगदाण्याची चटणी होती. पहिला तुकडा मोडायच्या आधी मान वर करून ते मला म्हणाले, “ताई, या जेवायला.”

“होऊ द्या, अप्पा,” मी म्हटलं. ही रीत मी लहानपणी आजोळी पाहिली होती. जेवायला बसणाऱ्यानं जवळपास असेल त्याला बोलवायचं आणि त्यानं ‘होऊ द्या’ म्हणायचं. खरोखर जाऊन बसायची अपेक्षा नसते. पुण्यात माझी ही सवय कधीच सुटली. दार लावून, ओट्याशी उभ्या उभ्या मोबाइल बघत जेवणारी बाई बोलवणार कोणाला?

अप्पांनी मात्र मला खरोखर बसवलं आणि दोन धपाटे खायला लावले.

दुसऱ्या दिवशी टेंपोत सामान कोंबल्यावर मला आणि अप्पांना जागा उरली नाही, म्हणून आम्ही एसटीनं नांदेडला निघालो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा गाड्यावर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी) खाल्ली. तिखटानं माझ्या नाकातोंडातून पाणी आलं, तेवढ्यात गाडी सुटली, आणि अप्पा हात वर करून तिच्यामागे धावले. कंडक्टरनं आम्हाला आत घेतलं खरं, पण लोह्यापर्यंत तो आमच्यावर धुसफुसत होता. खिडकीबाहेर नांगरून टाकलेली काळी रानं. मैलोनमैल एक माणूस दिसत नव्हता. प्रसादचं जग इथं आयतंच संपलेलं होतं.

“मालकीन रांधायची, मी वाढायचो,” अप्पा आपणहून सांगू लागले. “समदी पोरं जेवली की मंग आमी दोगं बसायचो.”

“आणि आता?”

“आता करून खाऊन राहिलो एकटाच. पोरगा हैदराबादला हाय. त्यो बलावतो, पर तिथं समद्यांच्या येळा येगळ्या. एकटं खानं लई अवघड काम हाय, ताई.”

मला ते मनापासून पटलं. मी कंडक्टरकडे बघत बसले.

विष्णुपुरी धरणाच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यात पाणी मागे सरतं आणि गोदावरीचं पात्र उघडं पडतं. भेगाळलेला गाळ, शिंपले, कधीकाळच्या झाडांचे काळे बुंधे. शेवटचा प्रसंग इथं घ्यायचा होता, तोही मावळतीच्या उजेडात. भाड्याचा कॅमेरा दुसऱ्या दिवशी सकाळी परत करायचा होता, म्हणजे ही संध्याकाळ हुकली की सिनेमाला शेवटच नाही. पैलतीरावर लग्नाचा बँड वाजत होता. तो थांबेपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला. अखेर थांबला. माणसं कमी होती, म्हणून लांब काठीला बांधलेला माइक मीच धरला होता. कानात नुसता वारा येत होता.

अप्पा बसले. त्यांनी फडकं सोडलं, भाकरी मोडली, मान वर केली आणि म्हणाले, “या जेवायला.”

“कट. अप्पा, कोणी नाहीये. सगळे मेलेत.”

“हाव, ठाऊक हाय की मला. चुकून निघालं तोंडातून.”

पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी ओठ गच्च मिटले आणि घास तोंडात घातला, पण तो घशाखाली उतरेना. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. प्रसाद त्यांच्यापाशी उकिडवा बसला. उजेड उतरत होता, पण त्यानं आवाज चढवला नाही.

“अप्पा, घरी एकटे जेवता तेव्हा काय करता?”

“दार उघडं ठिवतो. कोनी ना कोनी जातंच रस्त्यानं.”

“आणि कोणी नसलं तर?”

“तरी बी म्हंतो. म्हनल्याबिगर घास उतरत न्हाई बाबा.”

प्रसादनं सुस्कारा सोडला. “मग म्हणा. पाठमोरे घेतो तुम्हाला, तोंड दिसणार नाही. ताई नंतर तेवढा आवाज काढून टाकतील.”

कॅमेरा मागे गेला. अप्पांनी भाकरी मोडली, रिकाम्या पात्राकडे बघितलं आणि म्हणाले, “या जेवायला.” आणि ते थांबले. घास हातातच. हेडफोनमध्ये त्यांचा श्वास माझ्या अगदी कानाशी ऐकू येत होता. ते उत्तराची वाट बघत होते. मला ते थांबणं सहन झालं नाही. सगळ्यांना गप्प करणारी मी, चालू माइक हातात धरून बोलले, “होऊ द्या.”

अप्पांनी मान डोलावली आणि घास खाल्ला. मग दुसरा, मग तिसरा. सावकाश, नीट चावून, भाकरी संपेपर्यंत. तोवर सूर्य गेला होता.

“ताई, तुमचा आवाज आला,” प्रसाद म्हणाला.

“हो. चुकलं माझं.”

“दोन्ही काढता येतील ना?”

“येतील.”

नांदेडहून परतीच्या गाडीत मी आडवी पडून राहिले. झोप आली नाही. पुण्यात कुलूप उघडलं, घर जसं सोडलं होतं तसंच होतं. दोन दिवसांनी मी तो प्रसंग लावला आणि सांगितल्याप्रमाणे दोन्ही आवाज पुसले. नुसता वारा राहिला. पडद्यावर एक म्हातारा मान डोलावून जेवत होता. काम चोख झालं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. रोज रात्री मी ओट्याशी जशी जेवते, तसंच तंतोतंत ते जेवण होतं.

मी आवाज परत घातले आणि प्रसादला पाठवले. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“ताई, हे ठेवलं तर तो शेवटचा माणूस राहत नाही.”

“नाही राहत.”

त्यानं तिकडे तो प्रसंग पुन्हा एकदा लावलेला मला फोनमधून ऐकू आला. मग म्हणाला, “राहू दे. पण अप्पांना तुम्हीच सांगा.”

मी ताट वाढून घेतलं, टेबलावर ठेवलं आणि लातूरला फोन लावला. सांगायला तोंड उघडलं, त्याच्या आत पलीकडून आवाज आला, “ताई? या जेवायला.”

“होऊ द्या, अप्पा. मीही बसतेय. तुम्ही या.”

“व्हऊ द्या, व्हऊ द्या.”

पलीकडे भाकरी मोडल्याचा आवाज आला. सिनेमाचं सांगायचं राहूनच गेलं. आम्ही दोघं जेवत राहिलो, आणि फोन कोणीच ठेवला नाही.