दोन लेन्स आणि माझे दात

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर हातात पेनापेक्षा मासळी कापायचा कोयताच जास्त राहिला. हे मी कोणाला दाखवणार नाही, तरी कोणी वाचलंच तर आधीच माफी मागते.

माझे भिशीचे पैसे पुढच्या दातांसाठी होते. वरचे तीन दात गेल्यापासून मी तोंडाशी पदर धरूनच बोलते. तशीही कमीच बोलते. त्या पैशांतून आमच्या यांनी कॅमेऱ्याची नवी लेन्स आणली. जुनी होतीच, त्यांच्या काकांच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याबरोबर आलेली. "अगं, दोन्हींची तुलना करायची. हरेल ती विकायची, की तुझे पैसे परत," हे म्हणाले. म्हणजे माझे दात त्या तुलनेवर टांगले गेले.

दोन्ही लेन्स पन्नास मिलिमीटरच्या. लांबचं जवळ आणत नाहीत, जवळचं मोठं करत नाहीत. डोळ्याला दिसतं साधारण तेवढंच दाखवतात. तेवढ्यासाठी माझी भिशी.

रिटायर झाल्यापासून यांना सकाळ मोठी वाटते. मला गॅलरीत बसवायचं आणि "हलू नकोस" म्हणायचं. कॅमेऱ्याच्या खिडकीत म्हणे माझ्या दोन आकृत्या दिसतात, कडं फिरवून त्या एकावर एक आणायच्या. त्या एक होईपर्यंत आत दूध उतू जायचं.

रविवारी बेव्हर्ली पार्कात राहणारे त्यांचे मित्र निकाल लावायला यायचे. "वहिनी, जुन्या काचेत जीव आहे बघा. उजेड कसा विरघळलाय!" मला ती काच पुसायची राहिल्यासारखी वाटायची, पण मी चहा ठेवायला उठायचे. नव्या लेन्सचे फोटो पाहून तेच म्हणायचे, "धार आहे हो कोपऱ्यापर्यंत, पण जीव नाही." निकाल पुढच्या रविवारी. उन्हातलं झालं की ढगाळ हवेतलं राहायचं, ते झालं की संध्याकाळचं.

मग फोटोचे कोपरे तपासायला सरळ रेघा हव्यात म्हणून आम्ही तारोडीला, माझ्या माहेरी गेलो. तिथे बांबूंवर ओळीने बोंबील वाळत होते, जबड्यात जबडा अडकवलेले. यांनी दोन्ही लेन्सनी तोच फोटो काढला. रोल धुऊन आला, तर एक कोपरा मनासारखा नव्हता. पुन्हा तारोडी. या वेळी आधीचे फोटो माझ्या भावजयीला दाखवून यांनी विचारलं, कुठला चांगला?

तिने दोन्ही उलटसुलट करून पाहिले. "दाजी, दोन्यात बोंबीलच हाय ना? येकात काय सुरमय झाली न्हाय."

मी पदर विसरून हसले. यांच्या हातात नवी लेन्स लावलेला कॅमेरा होता, आणि जन्मात पहिल्यांदा यांनी वेळेवर बटण दाबलं.

रोल धुऊन आल्यावर तो फोटो यांनी कॅमेरावाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि आलेली उत्तरं मला कौतुकाने वाचून दाखवायला लागले. "वा, काय धार! केसन् केस मोजता येतोय." मग बेव्हर्ली पार्कवाले: "वहिनींच्या दातांच्या फटीतला अंधारसुद्धा स्पष्ट आलाय." तेही यांनी त्याच आवाजात वाचलं.

"तीन आहेत," मी म्हटलं. "नीट मोजून घ्या."

यांनी फोन उलटा ठेवला.

त्याच आठवड्यात नवी लेन्स विकली. घेतली त्याच मित्रांनी. जीव नसलेली ना, म्हणून भाव पाडून. जुनी घरात राहिली. "तिच्यात तू छान दिसतेस," हे म्हणाले.

"तिच्यात गॅलरीतलं पोतेरंही छान दिसतं."

कमी पडलेले पैसे हे पेन्शनमधून दर महिन्याला देत गेले. मध्ये दोनदा विसरले, एकदा त्या पैशांचा रोल आणला आणि वर मलाच गॅलरीत बसवायला निघाले. मी बसले नाही. आज त्यांनी उरलेले आणून दिले. मी त्यांच्यासमोर मोजले, त्यांचं तोंड पडलं तरी पुन्हा मोजले. बरोबर भरले. माझे पैसे पूर्ण फिटले.