चीनचा ताणा, आंधळगावचा बाणा

आंधळगावच्या कोष्टी आळीत कुंताबाईच्या सुताला मान होता. उकळलेल्या रेशमी कोशांचे तंतू एकत्र धरायचे आणि उघड्या मांडीवर तळव्यानं पीळ देत ओढायचे, हे काम ती लग्न होऊन आली तेव्हापासून करत होती. नवरा सेवकराम त्याच सुताचं कापड विणायचा. भंडाऱ्याचे व्यापारी भैय्यालाल ते कापड उचलत आणि पुढे ते जर्मनीला जाई. कुंताबाईला जर्मनी ठाऊक नव्हतं. पण आपलं कापड समुद्रापार जातं, हे ती माहेरी कारध्याला गेली की हटकून सांगायची.

पंच्याऐंशी सालची दिवाळी सरली आणि भैय्यालाल एक गठ्ठा घेऊन आले. आत पिवळसर, एकसारखं, कुठे गाठ नाही असं सूत होतं.

"चीनचं आहे," ते सेवकरामला म्हणाले. "उभा ताणाबी याचाच अन् आडवा बाणाबी याचाच. लावून तर पाहा."

चीनचं नाव ऐकताच कुंताबाईचा हात थांबला. बासष्टच्या लढाईत तिच्या आईनं कारध्याच्या शाळेसमोर कानातले सोन्याचे डूल काढून लढाईच्या फंडात दिले होते. त्यानंतर आईचे कान मोकळेच राहिले.

"ज्यायच्याशी लढाई झाली, त्यायचंच सूत आपल्या घरात?" भैय्यालाल गेल्यावर तिनं विचारलं.

सेवकराम गठ्ठा चाचपत होता. "लढाई होऊन किती वर्षं झाली व. आता ते साऱ्या दुनियेले माल विकून राहिले. अन् हे सूत तुटत नाही, पाहा."

"माह्यं तुटते काय?"

त्यानं गठ्ठा उचलून मागापाशी नेला. तिचं सूत तुटायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात मागाचा खटखटाट वाढला आणि कुंताबाईचे हात रिकामे झाले. आळीतल्या साऱ्याच बायांचं तसं झालं. शेजारची पंचफुला धान कापायला जाऊ लागली. कुंताबाईनं बिड्या वळायचं सूप मांडीवर घेतलं. पानं कातरताना तिच्या मनात येई, एवढं सूत काढते तरी कोण तिकडे? यंत्र काढत असेल, तर त्या यंत्राआधी जी बाई काढत होती, ती आता काय करत असेल? राग धरावा असं माणूस तिला सापडेना.

उन्हाळ्याच्या तोंडाशी भैय्यालाल परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. कापड परत आलं होतं.

"जर्मनीवाला म्हणते, दोन्हीकडून सूत चीनचंच आहे, तर मी सरळ चीनकडूनच कापड घेतो. तुमच्याकडून कायले घेऊ?" ते ओट्यावर टेकले. "त्याले ते खडबडीत लागते. हातचं. ताणा चीनचा चालते म्हणते, पण बाणा आंधळगावचाच पायजे. कुंताबाई, उद्यापासून बसा तुमी."

सेवकरामनं मान डोलावली. जणू ठरलंच.

कुंताबाईनं सूप बाजूला ठेवलं. "नाही बसत."

"काहून?" सेवकराम चकित झाला.

"सेठजी, इतके वर्षं मी सूत काढलं, पण तुमी घेतलं ते यायचं, घरधन्याचं, कापड. माह्या सुताले कधी इचारलंच नाही कोणी. ते घरातच जिरलं. म्हणून तर बंद पडलं तवा कोणाले समजलंबी नाही. आता तुमाले सूत पायजे, तर आमच्याकडून घ्या. बायायच्या नावानं, पैसे बायायच्या हातात देऊन. अन् कोसे आले की पयले आमच्या आळीत आणा."

"घरातली गोष्ट आहे ही," सेवकराम हळूच म्हणाला.

"घरातलीच होती. आता जर्मनीपर्यंत गेली ना."

भैय्यालाल विचार करतो म्हणाले आणि उठले. सेवकराम दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. सेठजी कबूल होईपर्यंत कोणी सूत काढू नये, हे सांगायला कुंताबाई घरोघर गेली. पंचफुलानं विचारलं, "अन् सेठजीनं दुसऱ्या गावातून घेतलं तर?" कुंताबाईलाही ती भीती वाटत होतीच. तरी त्या उन्हाळ्यात आळीतल्या एकाही बाईनं सूत काढलं नाही. मागांवर चिनी ताणा ताणलेला तसाच राहिला.

आषाढातल्या आखाडीच्या सणाआधी भैय्यालालांनी अट कबूल असल्याचा निरोप देऊन कोशांची पोती पाठवली. माग चालू ठेवायचा तर दुसरी वाट नाही, हे सेवकरामलाही उमगलं होतं. त्यानंच पोतं आत आणलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"गाठी राहू देजो," तो म्हणाला. "त्यायले गाठी आवडते."

पुढे सगळं सुखाचं झालं असं नाही. आळीतले काही माग बंद पडले, काही पोरं नागपूरला कामाला गेली. पण बायांचं सूत बायांच्या नावानं जात राहिलं. दर महिन्याला कुंताबाई आणि पंचफुला ते घेऊन एस.टी.नं भंडाऱ्याला जात. भैय्यालालांच्या दुकानात दोघी गादीवर बसून चहा घेत. पहिल्या वेळी तर पंचफुलानं चपला कुठे काढायच्या म्हणून तीनदा विचारलं आणि दुकानातले सारे हसले, कुंताबाईसुद्धा.