सत्काराचा नारळ

विद्यापीठाच्या माजी खेळाडूंचा सत्कार होता. मांडव खो-खोच्या मैदानावरच घातलेला. तिथे आता पार्किंग होणार आहे. एकेकाळच्या कर्णधार सुमनताईंनी शाल-श्रीफळ घेतलं आणि विचारलं, "मग पोरींनी खेळायचं कुठे?"

"ताई, आधी कॅमेऱ्याकडे बघा की!" संयोजक हसले.

सामन्याआधी खांबापाशी नारळ फोडायची इथली रीत. ताई नारळ घेऊन मांडवामागे गेल्या. मीही गेले. खांब उपटलेला होता आणि खड्ड्यात चहाचे कागदी कप पडले होते.

जिंकलेल्यांचे फोटो आपण भिंतीवर जपतो आणि त्यांच्या पायाखालचं मैदान काढून घेतो. उद्या त्या भिंतीवर नवा चेहरा येणार कुठून?

ताईंनी नारळ पिशवीत टाकला. "राहू दे गं. चटणीला होईल."