पंखातल्या खुंट्या

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी त्या पंखाचा विषय काढला की मी तारेबद्दलच बोलत राहायचो.

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो. विमानाच्या पंखाला मागे बिजागरीची झडप असते. ती काढून पक्ष्यासारखा अख्खा पंखच वाकवायचा, असा नमुना मी करत होतो. त्यासाठी निकेल-टायटॅनियमची तार मिळवली होती. वीज सोडली की ती तापून आखडते आणि पंखाची मागची कड खाली ओढते. गार झाली की पंखातली स्टीलची पट्टी तिला पुन्हा ताणते. पण ताण नेमका हवा. तार सैल राहिली तर पंख वाकेना, जास्त ताणली तर सरळ होईना. स्क्रूने ते जमत नव्हतं.

एका सकाळी बायको तंबोरा जुळवत होती. साताऱ्याहून, माहेरून आणलेला, मिरजेत बनवलेला. आधी खुंटी पिळायची, मग तारेतला मणी जरासा सरकवायचा. मी बघतच राहिलो.

"अगं, खुंट्या आणि मणी देतेस थोडे दिवस?"

"न्या की. पण कापू नका हं. प्रत्येक खुंटी तिच्याच भोकात घासून बसवलेली असते. दुसरी धरत नाही."

खुंट्या पंखात मावेनात. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं. मी त्या कापल्या.

पंख वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी विचारलं, "या खुंट्या कुठल्या?"

"बाजारातून आणल्या," मी म्हणालो. मागच्या रांगेत बायको टाळ्या वाजवत होती.

घरी येताना ती म्हणाली, "चला, माझ्या तंबोऱ्याला पंख फुटले!" दोघेही हसलो.

नव्या खुंट्या आणल्या, पण त्या सुटायच्या. पुढे ती पेटीवर सूर धरून गायली, मग बैठकांना जायचीच थांबली. मला मात्र त्या पंखाने बढती दिली, मान दिला, जीव लावणारी मुलं दिली. ती मुलं घरी आली की चहा तीच करायची, आणि पंखाचं कौतुक माझ्यापेक्षा तीच जास्त सांगायची. माझं जे काही भलं झालं, ते तिने दिलेलं आहे.

तिच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसून वाक्य जुळवलं: मी खुंट्या कापल्या, चारचौघांत तुझं नावही घेतलं नाही, मला माफ कर.

तोंड उघडलं, तेवढ्यात तिनेच विचारलं, "अहो, चहा घेतलात का?"

"घेतला," मी म्हणालो.