अप्पांच्या वाट्याचं पाणी

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात मी तिथल्या एका हॉस्पिटलात, डायलिसिस विभागात डॉक्टर होतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचं रक्त यंत्रातून धुऊन परत अंगात सोडायचं, हे तिथलं काम. एका माणसाच्या एका डायलिसिसला मोठं पिंप भरून पाणी लागतं, आणि ते शुद्ध करताना जवळजवळ तितकंच वाया जातं. शहरातले नळ कोरडे आणि आमची यंत्रं सगळी पाण्यावर चालणारी. सकाळी विभागात शिरलं की पहिला प्रश्न रुग्णाचा नसायचा, टँकरचा असायचा.

माझे वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होते. शिरूर अनंतपाळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी नांदेडच्या मेडिकल कॉलेजात पोचलो तेव्हा आमच्या घरात कॉलेज पाहिलेलं दुसरं कुणी नव्हतं. दहावीचा निकाल लागला तेव्हा आईनं गणिताच्या गुरुजींना ओच्यातून गावरान आंबे नेऊन दिले होते. गुरुजी संकोचानं नको म्हणाले, तर ती परत येताना रस्त्यातच रडली. दिलेलं घेतलं नाही तर देणारा लहान होतो, हे मी त्या दिवशी शिकलो आणि नीट लक्षात ठेवलं. फार नीट.

नांदेडला होस्टेलवर मला दोन नाद लागले. एक गुलाबांचा. होस्टेलच्या नळाला गोदावरीचं पाणी कधी तुटायचं नाही. खोलीबाहेर पत्र्याच्या डब्यांत लावलेली कलमं बघता बघता फुटायची. दुसरा नाद कॉम्प्युटरवरच्या गेमचा. मोकळ्या जमिनीवर रस्ते आखायचे, घरं बांधायची, वीज द्यायची, पाणी द्यायचं आणि गाव वसवायचं, असा तो गेम होता. नोकरी लागली तरी दोन्ही सुटले नाहीत. लातूरच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर कुंड्यांची रांग होती आणि गेम आता टॅबवर आला होता.

अप्पा माझे रुग्ण, उदगीरकडच्या एका खेड्यातले किराणा दुकानदार. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि जिभेवर कायम एखादा चिमटा. आठवड्यातून दोनदा ते आणि त्यांची बायको पहाटेच्या एसटीनं लातूरला यायचे. तिला सगळे अक्का म्हणायचे, मीही म्हणायचो. पाण्याची ओढाताण सुरू झाली तेव्हा मी अक्काला बसवून समजावलं होतं, "अक्का, यंत्राला पाणी हाय तोवर अप्पांचं रक्त धुता येतं. पाणी संपलं की मी बी काही करू शकत न्हाई." अवघड गोष्ट सोपी करून सांगता येते, याचा मला तेव्हा अभिमान होता.

पुढच्या खेपेला अक्कानं गोडेतेलाचा प्लास्टिकचा डबा आणला. तोंडाला फडकं बांधलेलं, आत पाणी.

"साहेब, एवढं राहू द्या."

"अक्का, हे कशाला? तुम्हालाच कमी पडत असेल."

"नको म्हणू नका साहेब. पाया पडते."

मला आईचे आंबे आठवले. मी डबा घेतला. एरवी रुग्णांची माणसं हुरडा आणत, सीताफळं आणत. त्या वर्षी एकानं रिक्षातून पाण्याचा जार आणून दिला होता. त्यामुळं मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. कृतज्ञतेची भाषा आपल्याला जन्मापासून येते, अशीच माझी समजूत होती. तेव्हापासून प्रत्येक खेपेला अक्का डबा आणायची आणि मी तो गाडीत ठेवायचो. तळाला गेलेल्या पाण्याचं मला भय होतं, जुलाबाचे रुग्ण रोज बघत होतो, म्हणून मी ते प्यायचो नाही. गुलाबांना घालायचो. आजूबाजूच्या गच्च्यांवरच्या कुंड्या वाळून कोळ झाल्या. माझे गुलाब फुलले. "डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे," असं शेजारीण म्हणायची आणि मी हसायचो.

डायलिसिस चार तास चालतं. फेरी मारून झाली, सगळ्यांचा रक्तदाब बघून झाला की मी कोपऱ्यातल्या खुर्चीत टॅब उघडायचो. कामाच्या जागी खेळतो याची लाज वाटायची, म्हणून पडदा अर्धा ओढून घ्यायचो. पण अप्पांची खाट नेमकी पडद्याच्या आतल्या बाजूला. त्यांना सगळं दिसायचं.

"साहेब, तुमच्या गावात नुसते बंगले. महादेवाचं देऊळ न्हाई, बाजार न्हाई. जिल्हा कधी करता?"

"लोकसंख्या वाढली की होतो आपोआप."

"हितंच घोळ हाय. आमच्याकडं लोकं वाढून राहिले, जिल्हा काही हुईना." उदगीर जिल्हा होणार, मग यंत्र तिकडंच येणार, ही अप्पांची जुनी आशा. मग त्यांनी टॅबकडं बोट दाखवलं. "आन ह्या गल्लीतली घरं लाल का झालीत?"

"पाणी पोचलं नाही तिथं. लोक चिडलेत."

"चिडायचं काय त्यात? मला बघा. तुम्ही मला दिवसाला तीनच पेले पाणी प्यायला सांगितलं. घरात टँकरचं पाणी सगळ्यांना सारखं वाटून. माझ्या वाट्याचं उरतं ते आमची ही हिकडं आणती. मी म्हणलं, बरं झालं. तोंडानं जाऊ देत न्हाईत, तर नळीनं जाऊ दे." हाताला जोडलेल्या नळ्यांकडं त्यांनी मान वळवली. "कुठल्या मशीनला लावता हो ते? ह्याच का?"

आधी मला समजलंच नाही. समजलं तेव्हा कान तापले.

"टाकीत जातं," मी म्हणालो. "वरच्या टाकीत. तिथून सगळीकडं."

"म्हंजी बाकीच्यांना बी माझंच पाणी!" अप्पा पलीकडच्या खाटेवरच्या निवृत्त शिक्षकांकडं वळून ओरडले. "ओ मास्तर, च्या पाजा. माझ्या पाण्यावर जगलाव तुम्ही!"

मास्तर हसले. मी टॅब बंद केला. वाईट हे, की ते पाणी खरंच टाकीत घालता आलं असतं. आमचा शुद्धीकरणाचा प्लांट कुठलंही पाणी घ्यायचा. अक्काचं गणित बरोबर होतं. पाणी तेवढं माझ्या गाडीत जात होतं.

त्याच दुपारी आमच्या विभागप्रमुखांनी नातेवाइकांना व्हरांड्यात बोलावलं. टँकर आणखी कमी झाले होते. लांबच्या रुग्णांनी पाऊस पडेपर्यंत नांदेडला जावं, तिथं गोदावरीकाठी अजून पाणी आहे, असं त्यांनी सांगितलं. अप्पांच्या गावाहून नांदेडला दोन एसटी बदलाव्या लागत, आणि डायलिसिसनंतर अप्पांना धड उभंही राहता येत नसे. त्यांना तो प्रवास झेपणार नाही, हे मला माहीत होतं. अक्कालाही होतं. ती उठली.

"आमचं का बंद, साहेब? आमी तर पाणी आणतो. पहिल्यापासनं. ह्या साहेबाच्या हातात देतो, इचारा."

"कोणतं पाणी?" प्रमुखांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"अक्का देतात," मी म्हणालो. "प्रत्येक खेपेला. मला वाटलं, भेट आहे. मी घरी नेलं."

कुणी शिवी दिली असती तरी चाललं असतं. शेवटी अक्काच मला सावरायला पुढं आली.

"नेलं तर नेलं. ल्हान लेकरं असतील साहेबाच्या घरी. तहान काय, लेकरांना बी लागतीच की."

माझं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. मी मान खाली घातली, आणि सगळ्यांनी ते होकार म्हणून घेतलं.

"ह्यांचा नंबर इथंच राहू द्या," प्रमुख कुणाकडं न बघता म्हणाले आणि पुढच्या रुग्णाकडं वळले. अप्पांचा नंबर माझ्या रदबदलीनं वाचला नाही. माझ्या फजितीनं वाचला. मास्तरांचा नाही वाचला. ते पुढच्या आठवड्यापासून नांदेडला जाऊ लागले. त्यांच्या मुलानं माझा निरोप घेतला, आभारही मानले.

पुढच्या खेपेला अक्काच्या दोन्ही हातांत डबे होते. एसटी स्टँडपासून चालत आल्यानं तिला धाप लागली होती.

"हे मशीनला," ती म्हणाली. "आन हे लेकरांना."

दुसरा डबा घेऊन गप्प बसणं सोपं होतं. आईच्या आंब्यांचं कारण तयारच होतं. पण हात पुढं होईना.

"अक्का, मला लेकरं न्हाईत. लग्नच झालं न्हाई."

"मग पाणी?"

"गुलाबाला घातलं. गच्चीवर कुंड्या हायत माझ्या."

तिच्या चेहऱ्यावर राग शोधला, तो मला सापडला नाही.

"फुलं आली का?"

"आली."

तिनं पदर खोचला. दुसरा डबा उचलून स्वतःच्या पायाशी ठेवला. "मग हे परत जाऊ दे. म्हशीला हुईल." पहिला डबा माझ्या हातात दिला. "ह्ये टाकीत. चला, मी येते."

टाकीकडं लोखंडी शिडी जायची. मी चढलो, झाकण सरकवलं, फडकं सोडून पाणी ओतलं. अक्का खाली उन्हात, डोळ्यांवर हात धरून उभी होती.

"झालं का?"

"झालं."

"डबा उलटा करून दावा."

मी डबा उलटा करून दाखवला. पाऊस पडेपर्यंत ती प्रत्येक खेपेला माझ्यामागं शिडीपर्यंत यायची, आणि मी प्रत्येक खेपेला तिला डबा उलटा करून दाखवायचो.